सोमवारची मंद अक्षरं

१

धुलाईच्या हौदातून चादर वर आली तेव्हा तिच्यावरचे पांढरे मोर गुलाबी झाले होते.

धोंडीराम मुकादमानं ती पिळली, उलगडली आणि माझ्यापुढं धरली. "बघा कुंडलिकदा. दुसऱ्यांदा झालं हे."

मी काठ डोळ्यांजवळ नेला. मरून सुताचा रंग कच्चा होता. पहिल्याच पाण्यात सुटून तो मोरांच्या अंगावर बसला होता. मागं भिंतीशी तशाच एकशे ऐंशी चादरी ओल्या पडल्या होत्या.

या गिरणीच्या रंगखात्यात मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एकोणऐंशी साली, श्रावणातल्या एका मंगळवारी, मॅनेजर हत्तुरे साहेबांनी नवी पेठेत माणूस पाठवून मला बोलावून घेतलं.

"हा चारशे सतरा नंबरचा लॉट," साहेब म्हणाले. "शनिवारीच तपासणीत नापास झाला होता. कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद आहे. तरी काल, सोमवारी, तो मागावर गेला. मागच्या सोमवारीही एक गेला होता, पण तो लहान होता म्हणून निभावलं. दोन्ही चिठ्ठ्या चन्नम्माच्या हातच्या आहेत."

कॉम्प्युटर गिरणीत येऊन दोनच महिने झाले होते. तो कपाटाएवढा होता आणि एका थंड खोलीत कुलुपात असायचा. चन्नम्मापुढं असायचा तो त्याचा पडदा आणि बटणांची पाटी, ज्याला सगळे टर्मिनल म्हणत. रोज सकाळी ती सुताच्या लॉटची यादी पडद्यावर मागवायची. चांगले लॉट मंद अक्षरांत दिसायचे, नापास झालेले ठळक, उजळ अक्षरांत. मंद नंबर चिठ्ठीवर उतरवायचे, उजळ सोडायचे. धोंडीराम चिठ्ठी घेऊन जायचा आणि त्याप्रमाणं सूत मागाकडं निघायचं.

"येत्या सोमवारी दुपारी बाराला मी तिला कमी करणार," साहेब म्हणाले. "कागदावर कारण लिहावं लागेल. हयगय. तोवर तुम्ही विचारपूस करा. तुमच्यावर खातेवालेही विश्वास ठेवतात आणि मीही."

चन्नम्मा वळसंगची. मल्लप्पाची मुलगी. गावातून टायपिंग शिकून नोकरीला आलेली पहिलीच. मल्लप्पानं एका वर्षाच्या बोलीवर तिला शहरात ठेवलं होतं. हयगयीचा शेरा घेऊन गेली असती तर दुसऱ्या कुठल्या कचेरीनं तिला दारात उभं केलं नसतं, आणि बापानंही पुन्हा पाठवलं नसतं.

मी तिच्या टर्मिनलच्या खोलीत शिरलो तशी ती उठून उभी राहिली. रडली नव्हती. ओठ मात्र घट्ट मिटले होते.

"मामा, मी शपथ घेत नाही," ती म्हणाली. "पण काल पडद्यावर एकही अक्षर उजळ नव्हतं."

२

पुण्याहून इंजिनीअर अंतुरकर आला तो बुधवारी. पोरगेलासा, चष्मेवाला, कपाळावर घाम. दिवसभर तो टर्मिनलपुढं बसला. नापास लॉट घालून त्यानं यादी वीस वेळा मागवली. वीसही वेळा उजळ अक्षरं जिथल्या तिथं आली.

"मशीनमध्ये दोष नाही," तो साहेबांना म्हणाला. "उजळ असणारच. बाईंनी पाहिलं नसेल."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशीच निकाल लागल्यासारखं झालं.

साहेब गेल्यावर मी त्याच्याशेजारी स्टूल ओढून घेतलं. पडद्याच्या बाजूला एक खुंटी होती. "ही कशाची?"

"उजेड कमीजास्त करायची."

"कुणी खाली फिरवली तर?"

त्यानं फिरवून दाखवली. सगळी अक्षरं विझत गेली, पण उजळ आणि मंद यांच्यातला फरक शेवटपर्यंत राहिला. रंगाच्या दोन छटा ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. तो फरक माझ्या नजरेतून सुटला नसता, आणि त्या पोरीच्याही सुटायचं कारण नव्हतं.

"अंतुरकर साहेब, अक्षर उजळ करायचं हे पडद्याला कळतं कसं?"

पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारलं म्हणून की काय, तो खुलला. "पडदा म्हणजे घरं घरं आखलेला कागद समजा. एका घरात एक अक्षर. उजळ सुरू करायची एक खूण असते, तिलाही एक घर लागतं. पण ती दिसत नाही. रिकामं घर दिसतं. त्या खुणेपासून पुढचं सगळं उजळ, दुसरी खूण येईपर्यंत. तिथून पुन्हा मंद. नापास लॉट आम्ही यादीत सगळ्यांत वर घेतो, म्हणजे दोन खुणांत काम भागतं."

"पहिली खूण कुठं ठेवलीय?"

"वरच्या डाव्या कोपऱ्यात. पहिली ओळ मोकळीच असते, तिच्या पहिल्या घरात."

"ती कुणी पुसली तर?"

तो हसला. "मोकळ्या ओळीत जाऊन कोण काय पुसणार, काका? आणि मशीनला काही कळवायचं तर पाठवायचं बटण दाबावं लागतं. दाबलं की नोंद होते. दोन्ही सोमवारच्या नोंदी मी पाहिल्या. त्यांनी काही पाठवलेलं नाही."

"आणि नुसतंच लिहिलं, पाठवलं नाही, तर?"

"तर ते पडद्यावरच राहील. मशीनला पत्ता लागणार नाही. पण बाई म्हणतात की यादी आल्यावर त्यांनी काहीच टाईप केलं नाही."

हे मात्र खरं होतं. मी चन्नम्माला तोच प्रश्न दोनदा विचारला होता. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "इल्ल मामा. काही नाही."

३

धोंडीरामला मी हौदाजवळ गाठलं. कॉम्प्युटरवर त्याचा राग होता हे सगळ्या गिरणीला माहीत होतं. पूर्वी नापास लॉटला तो स्वतः लाल चिंधी बांधायचा. मशीन आलं आणि चिंध्या बंद झाल्या.

"चिठ्ठी तुझ्या हातात किती वेळ असती?" मी विचारलं.

"हितनं तितवर. का वं, माझ्यावर डोळा हाय व्हय तुमचा?"

"सगळ्यांवर हाय."

"मग ऐका. मशीन तोंडावर आपटलं म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चादर नासवून न्हाय. तीस वर्सं ह्या हातानं रंग काढलाय. अन् चिठ्ठीत चारशे सतरा तिच्याच अक्षरात हाय की. मला तसलं इंग्रजी आकडं काढता येत असतं तर मी मुकादम राहिलो असतो व्हय?"

चिठ्ठी मी पाहिली होती. शाई एकच, हात एकच. धोंडीराम सुटला.

जाताजाता तो म्हणाला, "सोमवारचा उपास असतो तिचा. पोटात काय न्हाय, डोळ्यापुढं अंधारी आली असंल. पोरगी वाईट न्हाय, कुंडलिकदा."

साहेबांचंही मत हेच होऊ लागलं होतं. पण उपाशी माणसाला वरची एक ओळ दिसत नाही आणि त्याखालच्या वीस ओळी बिनचूक उतरवता येतात, हे मला पटेना. त्या दिवशीच्या चिठ्ठीत बाकी एकही आकडा चुकला नव्हता.

खोली झाडायला बजाबाई असायची. ओल्या फडक्यानं पडदा पुसायचं कामही तिचंच. तिनं मला पाहताच कंबरेवर हात ठेवले.

"माझ्या फडक्यानं अक्षरं पुसली म्हणून सांगायला आलासा काय?"

"काचेच्या आतली अक्षरं पुसणारं फडकं असलं तर मलाबी एक दे," मी म्हणालो.

ती हसली. मग फडकं पिळत बोलू लागली. "सोमवारी ती लौकर येती. देवळातनं थेट. कपाळाला इबूत. यादी यायला लागली की हात जोडून डोळं मिटून बसती. मग जरा टकटक आवाज येतो बटणांचा. मग डोळं उघडती अन् कामाला लागती."

"टकटक? यादी आल्यावर?"

"व्हय."

"काय लिहिती?"

"मला काय ठावं? अन् म्या वाकून बघितलं तर तितं लिवलेलं कायबी न्हाय. वरची ओळ रिकामीच."

चन्नम्मा म्हणत होती, काही लिहिलं नाही. बजाबाई म्हणत होती, बटणं वाजली. दोघींत खोटं बोलण्यासारखी एकही नव्हती.

४

शनिवारी मी चन्नम्माला म्हणालो, "तू कामाला बसतेस ते सगळं पहिल्यापासून करून दाखव."

तिनं टर्मिनल चालू केलं, यादी मागवली. ती उतरायला अर्धं मिनिट तरी लागायचं. दोन लॉट उजळ आले, ते सोडून तिनं चिठ्ठी लिहिली. मध्ये कुठंच टकटक झाली नाही.

"झालं?"

"झालं, मामा."

मी तिची कच्ची वही मागून घेतली. चिठ्ठीवर उतरवण्याआधी ती नंबर त्यात लिहायची. मी पानं सावकाश उलटत गेलो. मला वाचायला वेळ लागतो. गिरणीच्या साक्षरता वर्गात मी पाटी हातात धरली तेव्हा माझं वय बेचाळीस होतं. अजूनही मी आधी पानाचा आकार बघतो, मग अक्षरं.

सगळी पानं एकसारखी होती. पण दर सहा पानांनी एका पानाच्या माथ्यावर, मधोमध, लहानसं श्री होतं. मी तारखा पाहिल्या. सगळे सोमवार.

"हे आठवड्याला एकदाच का?"

"रविवारी सुट्टी असते ना. सोमवारी नवी सुरुवात. आमच्या वळसंगच्या शाळेत बाई तसंच करायला लावायच्या." ती जरा लाजली. "सवय आहे."

मी वही मिटली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो.

वहीतलं श्री वहीत राहिलं होतं. बजाबाईनं ऐकलेली टकटक श्रीचीच असली, तर पडद्यावरचं मात्र दिसत नव्हतं. मला माझी पाटी आठवली. आमचे गुरुजीही आधी श्री काढायला सांगायचे. पण पाटी एवढीशी. श्री तसंच ठेवलं तर धडा मावायचा नाही. म्हणून ते काढायचं, मनात नमस्कार करायचा आणि बोटानं पुसून टाकायचं. ते लिहिण्यात कुणी धरायचंच नाही. गुरुजींनी विचारलं, काय लिहिलंस, तर आम्ही म्हणायचो, अजून काही नाही.

कागदावर शिकलेल्या माणसाच्या हे ध्यानात यायचं नाही.

अंतुरकर सुटकेस बांधून दुपारच्या गाडीची वाट बघत होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"साहेब, तुम्ही बुधवार ते शनिवार सगळे दिवस तपासलेत. सोमवार राहिलाय."

"सोमवारी मशीन वेगळं वागतं की काय?"

"मशीन नाही," मी म्हणालो.

५

सोमवारी आठ वाजता आम्ही चौघं त्या खोलीत भिंतीला लागून उभे होतो. हत्तुरे साहेब, अंतुरकर, धोंडीराम आणि मी. दारात बजाबाई. शनिवारी संध्याकाळच्या तपासणीत आणखी दोन लॉट नापास झाले होते, चारशे एकतीस आणि चारशे तेहतीस. ते कागदावर लिहून साहेबांनी खिशात ठेवले होते. चन्नम्माला माहीत नव्हते.

ती आली. इतकी माणसं पाहून दारातच थबकली.

"बस," मी म्हणालो. "आज तू शनिवारसारखं करायचं नाहीस. सोमवारसारखं कर. देवळातनं आल्यावर जे जे करतेस ते सगळं. आम्ही नाही असं समज."

तिचे कान लाल झाले. "ते कामातलं नाही, मामा."

"तरी कर."

तिनं यादी मागवली आणि हात जोडून डोळे मिटले. ओळी वरून खाली उतरू लागल्या. सगळ्यांत वर चारशे एकतीस, चारशे तेहतीस. दोन्ही उजळ, इतके की साहेबांच्या चष्म्यात त्यांचा उजेड दिसला. साहेबांनी माझ्याकडं पाहून मान हलवली. म्हणजे, बघा, दिसतंय ना.

चन्नम्माची बोटं बटणांवर आली. डोळे मिटलेलेच. तिनं पहिलं बटण दाबलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात, त्या खुणेच्याच घरात, एक इंग्रजी अक्षर उमटलं आणि त्याच क्षणी खालच्या दोन्ही उजळ ओळी विझल्या. बाकीच्यांसारख्या मंद झाल्या. तिनं आणखी तीन अक्षरं लिहिली. इंग्रजी चार अक्षरांत श्री. मग मागं येऊन चार रिकामी घरं मारून ते पुसलं आणि कपाळाला हात लावला.

मग डोळे उघडले. पडदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"आज थांबवायचं काही नाही, साहेब," ती म्हणाली.

धोंडीरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चन्नम्मा," मी म्हणालो, "यादी पुन्हा मागव. या वेळी डोळे मिटू नको."

यादी आली. दोन्ही लॉट उजळ. ती खुर्चीत मागं सरकली. "हे आत्ता कुठं होते?"

"आता बघत बघत श्री लिही."

तिनं एकच बटण दाबलं. ओळी विझल्या. तिचं बोट बटणावर तसंच राहिलं.

६

आम्ही साहेबांच्या खोलीत आलो. मग साहेब म्हणाले, "कुंडलिकराव, तुम्ही शोधलंत ते बरोबर. पण शेवटी हात तिचाच निघाला."

"हात तिचाच," मी म्हणालो. "पण हयगय नाही. तिनं जे पाहिलं ते नीट उतरवलं. दोन महिने ती दर सोमवारी हेच करत होती. तेव्हा सोमवारी सकाळी नापास लॉटच नसायचे, म्हणून काही बिघडलं नाही. श्रावणात मरून रंगाचं नवं पिंप फोडलं, शनिवारचे लॉट कच्चे निघू लागले, आणि ते दिसलं."

"मग मी कागदावर कुणाचं नाव लिहू?"

"साहेब, धोंडीराम चिंधी बांधायचा तेव्हा ती सुटली, तर आम्ही वाऱ्याला पकडत नव्हतो. गाठ कशी बांधली ते बघत होतो."

अंतुरकर खिडकीशी उभा होता. तो वळला. चष्मा काढून त्यानं शर्टाला पुसला.

"गाठ मी बांधली," तो म्हणाला. "तो कोपरा रिकामा नाही, हे मला माहीत होतं. मी बाईंना सांगितलं नाही. मला वाटलं, तिथं कोण कशाला जाईल." त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि खूण गेली की धोक्याचा लॉट चांगल्यासारखा दिसतो. हे उलटं असायला हवं होतं. साहेब, कागदावर नाव लिहायचंच तर माझं लिहा."

हत्तुरे साहेबांनी टेबलावरचा कागद उचलला. हयगय हा शब्द आधीच टाईप करून ठेवला होता. त्यांनी तो कागद दोनदा दुमडला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही. साहेब तसे सावध माणूस होते. घड्याळात बारा वाजायला अजून तीन तास होते.

"तिला म्हणावं, चिठ्ठी पाठवून दे," ते म्हणाले. "माग थांबलेत."

चन्नम्मा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. मी तिला सांगितलं. ती खाली बसली आणि मग रडली. बजाबाईनं तिला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "उपास मोडत न्हाय पाण्यानं. पी."

जरा वेळानं चन्नम्मा म्हणाली, "मामा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. दोनदा."

"खोटं नाही. माझ्या गुरुजींनाही मी तसंच सांगायचो."

"आता नाही लिहिणार मी तिथं."

तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

अंतुरकर आणखी तीन दिवस राहिला. धोंडीरामनं साहेबांच्या परवानगीनं नापास लॉटला पुन्हा लाल चिंध्या बांधायला सुरुवात केली. अंतुरकर ते बघायला रंगखात्यात गेला आणि येताना एक चिंधी मागून घेऊन आला. जाताना त्यानं मला बोलावलं नाही, भेटलाही नाही.

पुढच्या सोमवारी मी सहज म्हणून गिरणीत गेलो. चन्नम्मा टर्मिनलपुढं होती. यादी आली होती. वर तीन लॉट उजळ होते आणि प्रत्येकापुढं आता एक इंग्रजी शब्दही होता, थांबवा अशा अर्थाचा. म्हणजे उजेड गेला तरी शब्द राहणार. तिचे हात मांडीवर होते.

"मामा, हे बघा," ती म्हणाली.

पडद्याच्या चौकटीला अंतुरकरनं एक कागद चिकटवला होता. हातानं, मराठीत लिहिलेला. खालच्या कोपऱ्यात लाल चिंधीचा तुकडा डकवलेला. मी जवळ गेलो आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"खूण खाली हलवली आहे. पहिली ओळ आता खरोखर रिकामी आहे. खुशाल लिहा."

"लिहू का?" चन्नम्मानं विचारलं.

"लिही की."

तिनं डोळे उघडे ठेवून चार अक्षरं लिहिली. मग ती पुसायला बोट उचललं, खालच्या तीन उजळ ओळींकडं पाहिलं आणि बोट मागं घेतलं. श्री तसंच राहू दिलं.